वास येतोय, मिलिंद

मिलिंद, तुला जाऊन पंचवीस दिवस झाले आणि एवढ्या दिवसांत मी तुझ्याबद्दल एक चांगला शब्द बोललेलो नाही. बॉथेलच्या त्या हॉलमध्ये तुझ्यासाठी सगळे जमले होते, तेव्हा एकेक जण उठून बोलला. तुझं सावजी मटण, तुझं ते गडगडाटी हसणं, कुणाचं काही बिघडलं की टूलबॉक्स घेऊन धावणं. मग सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. सत्तावीस वर्षांचा मित्र, हा नाही बोलणार तर कोण? मी म्हटलं, मला नाही जमणार. लोकांना वाटलं, गळा दाटून आला बिचाऱ्याचा. गळाबिळा काही नाही. मला तुझा संशय येत होता.

हसू नकोस. "इन्स्पेक्टर, तुला स्वतःच्या सावलीचाही संशय येतो बे," हे तू मला पहिल्या भेटीतच ऐकवलं होतंस. असेल. मी इकडे परदेशात, रेडमंडला, सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये उभा जन्म काढला. दुसऱ्याने "चालतंय" म्हटलं की ते कुठे चालत नाही ते शोधायचं, हेच काम. आता ते अंगात मुरलंय. दूध उघडलं की मी आधी तारीख बघतो, मग वास घेतो, मग बायकोला वास घ्यायला लावतो. त्यामुळे तू गेलास तेव्हा बाकीचे रडत होते आणि माझ्या डोक्यात एकच किडा वळवळत होता. त्या शनिवारी डोंगरात तुझी म्हैस बंद पडली. आपण दोन तास बर्फातून चाललो. त्यानंतर अकराव्या दिवशी सकाळी चहा टाकता टाकता तू ओट्याशी कोसळलास. म्हैस का बंद पडली? आणि त्या दोन तासांनी तुझा जीव घेतला का? मला एवढंच कळायला हवं होतं.

ती म्हैस तू बावन्नाव्या वर्षी घेतलीस. काळी, अवजड, दोघं बसतील अशी फोर-स्ट्रोक इंजिनची स्नोमोबिल, बर्फावरची मोटरसायकलच. नागपूरच्या उन्हात वाढलेला माणूस तू, पण बर्फ दिसला की लहान पोरासारखा हुरळायचास. "बाकीच्यांच्या टू-स्ट्रोक, हलक्या, बोंबलत पळतात. आपली शांत आहे, चाराही कमी खाते," असं कौतुक. दसऱ्याला तिला झेंडूची माळ, हॅंडलला हळदकुंकू, आणि तुझी लेक सई आरतीचं ताट धरून उभी, "बाबा, धिस इज सो वीअर्ड" म्हणत. मी लांबूनच प्रश्न विचारायचो. हिचं तेल कुठे असतं, धूर कुठून जातो, उलटली तर काय होतं. तू कधी कंटाळला नाहीस.

एकदा तुझ्याकडे पोहे खात असताना तू मला तिचं नाक समजावलं होतंस. इंजिनात पेट्रोल पेटलं की थोडा वायू पिस्टनच्या कडेने निसटतो आणि खाली पोटात उतरतो, जिथे तेल असतं. त्याला बाहेर पडायला वाट हवी. म्हणून एक रबरी नळी असते, ब्रीदर. तिच्यातून तो वर हवेच्या डब्यात जातो आणि पुन्हा इंजिनात जाऊन जळतो. मी विचारलं, नाक चोंदलं तर? तू अंजलीवहिनींच्या कुकरकडे बोट दाखवलंस. "शिट्टी तुंबली तर वरण कुठे जातं? छतावर. इथे वरणाच्या जागी तेल. जिथे कच्चं सापडेल तिथून बाहेर फेकते. आणि खाली एक्झॉस्ट तापून लाल. पेटली तर पेटली." माझा घास तोंडातच राहिला. तू आणखी पोहे वाढून घेतलेस.

तर तो शनिवार. नाकातले केस गोठतील अशी थंडी. गाडी स्नो-पार्कच्या तळावर लावून आपण निघालो, तू पुढे, मी मागे तुझं जॅकेट घट्ट धरून. वीसेक मिनिटं झाली असतील. मी तुझ्या खांद्यावर थापटलं.

"मिलिंद, वास येतोय."

"कशाचा?"

"जळकट. तेलाचा."

"तुला वास येतोच बे!"

दोन वळणं गेली. मी पुन्हा म्हटलं. तू म्हणालास, समोर डोंगर पाहा, काय नजारा होऊन राहिला. तिसऱ्यांदा म्हटलं तेव्हा तू हसलास आणि वेग वाढवलास. मग तेलाचा लाल दिवा लागला. खरं ते सांगतो, दिवा लागताक्षणी तू इंजिन बंद केलंस, नाहीतर ते तिथेच जाम झालं असतं. हूड उचललं तर आत सगळं तेलाने माखलेलं, गरम पाइपावर धूर. मी मागे वळून पाहिलं. पांढऱ्या बर्फावर एक तपकिरी रेघ आपल्या मागोमाग पार शेवटच्या वळणापर्यंत गेली होती. मी तीनदा सांगितलं होतं, मिलिंद. तीनदा.

फोनला रेंज नाही, रस्त्यावर चिटपाखरू नाही. आपण चालायला लागलो. तू दर थोड्या वेळाने थांबायचास. मी विचारलं, "दम लागलाय का?" तू म्हणालास, "दृश्य पाहून राहिलो." एकाच झाडाचं दृश्य किती वेळ पाहणार माणूस? मला तेव्हाच शंका आली होती. आणि मी, जो हॉटेलात पाण्याच्या ग्लासावरही शंका काढतो, तो तेव्हा गप्प बसलो. वास तीनदा सांगितला होता आणि तुझं हसू तीनदा खाल्लं होतं, म्हणून फुगून बसलो होतो. एवढा क्षुद्र माणूस आहे मी. "चल, बस इथे, मी पुढे जाऊन मदत आणतो," एवढं म्हणायला काय झालं होतं मला?

म्हैस मग दुसऱ्या एका मशीनवाल्याने तळापर्यंत ओढून आणून दिली. परतताना गाडीत मी डेलवर घसरलो. डेल म्हणजे तुझा तो मेकॅनिक, सीझनआधी सर्व्हिसिंग करणारा. मी म्हटलं, त्याने तेल जास्त भरलं असणार. ह्या मशीनचं तेल इंजिन गरम असताना मोजायचं असतं. थंडीत काठी खोटी पातळी दाखवते आणि माणूस भरत सुटतो. हे मला तूच शिकवलेलं. तू रस्त्यावरची नजर न हलवता म्हणालास, "डेलचा दोष नाही."

"मग कुणाचा?"

"पाहू."

आणि विषय बदललास. झालं! जो माणूस मला नळीन् नळी समजावून सांगायचा, तो "पाहू" म्हणून मोकळा होतो? माझा संशय डेलवरून उठला आणि तुझ्यावर येऊन बसला. तुझ्याच हातून काहीतरी चुकलंय आणि तू ते लपवतोयस, अशी माझी खात्री झाली. पुढच्या अकरा दिवसांत दोनदा फोन केला तुला. दोन्ही वेळा तू सईच्या लग्नावर बोललास, क्युपर्टिनोच्या त्या स्थळाची नक्कल करून दाखवलीस. मी हसलो नाही. तो आपला शेवटचा फोन होता आणि मी हसलो नाही.

तू गेल्यावर आठवड्याने मी डेलला फोन लावला. मनात होतं, त्याला चांगला कोपऱ्यात घ्यायचा. तू गेल्याचं ऐकून त्याने आधी वहिनींची चौकशी केली. मग सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि एकच विचारलं. गॅरेजमध्ये कुणी हिला थोडा थोडा वेळ चालू करून लगेच बंद करायचं का? त्या वायूत पाण्याची वाफ असते, म्हणाला. इंजिन नीट तापलं तर ती निघून जाते. पाच मिनिटांत बंद केलं तर तिचं पाणी होतं, तेलात मिसळतं, नळीत साचतं. मग डोंगरातल्या थंडीत नळीतलं पाणी गोठतं आणि वाट बंद.

मी म्हटलं, "नो. नोबडी."

फोन ठेवला. तरीही मी तुझ्यावरचा संशय सोडला नाही. सोडायची भीती वाटत होती.

परवा वहिनींना म्हटलं, गॅरेज जरा बघतो. म्हैस तिथेच, तिच्या चादरीखाली. हूड उघडलं. नळी नवी कोरी! क्लॅम्पही चकचकीत. जुनी नळी फळीवर होती, उभी चिरलेली. शेजारी नवीन तेलाचा सीलबंद डबा आणि फिल्टर. आणि पीनट बटरची एक रिकामी बरणी, तळाशी पिवळट पांढरा गोळा. तिच्यावर तुझ्या अक्षरात चिकटपट्टी: "म्हशीचा चीक". मी उघडून वास घेतला. तेल आणि पाणी घुसळून झालेलं लोणी होतं ते.

मिलिंद, म्हणजे तुला सगळं कळलं होतं. नळी चिरून तू पाहिलं होतंस, विनोदही करून झाला होता, नवी नळी बसवली होतीस, आणि माझ्याशी बोलताना क्युपर्टिनोचं स्थळ! संताप झाला माझा. मेलेल्या माणसावर इतकं चिडता येतं हे मला माहीत नव्हतं. मी तुझ्या म्हशीच्या सीटवर एक गुद्दा मारला. हात दुखला.

तेवढ्यात सई आली. "काका, आय ॲम टेकिंग हर आउट धिस सॅटरडे. आईला सांगितलंय. बाबाला आवडलं असतं." चोवीस वर्षांची झाली तुझी पोर, पण हनुवटी वर करून बोलायची पद्धत तुझीच. मी तेलाची काठी बाहेर काढली. दूध घातलेल्या कॉफीच्या रंगाचं तेल. गळालं तेवढं तू वरून भरलं होतंस, पण ते पाणी आतच होतं. नवीन डबा आणला होतास, बदलायला वेळ मिळाला नाही. हे तेल घेऊन ती डोंगरात गेली असती तर नवी नळीही चोंदली असती.

"जायचं नाही," मी म्हटलं.

"काका, प्लीज. यू सस्पेक्टेड अवर टोस्टर."

"टोस्टर खरोखर खराब होता."

"तुम्ही प्रत्येक गोष्टीला नाही म्हणता. गिव्ह मी वन रीझन."

कारण होतं ना माझ्याकडे. डेलने विचारल्यापासून होतं. खरं तर त्याच्याही आधीपासून.

तू नोव्हेंबरात नागपूरला गेलास, आईंचं ऑपरेशन होतं म्हणून. जाताना गॅरेजचा कोड देऊन गेलास. वहिनीही तुझ्याबरोबर. "म्हशीला हात लावू नको," म्हणालास. "चालू करायचीच खाज आली तर बाहेर काढ आणि चांगली अर्धा तास तापू दे. अर्धवट नको." मी मान डोलावली. पण आमच्या पुण्यात बाबांची स्कूटर पावसाळाभर उभी असायची तेव्हा दर रविवारी तिला किक मारून पाच मिनिटं फुरफुरवायची, हे माझं काम होतं. गाडी बसून राहिली की खराब होते, हे माझ्या हाडात भिनलेलं. तुझी म्हैस बसून राहिलेली बघवेना. मग दर रविवारी, सात रविवार, मी यायचो, गॅरेजचं दार पूर्ण उघडायचो, तिला चालू करायचो. आणि अर्धा तास? बंदिस्त जागेतला धूर, तो विषारी वायू, दार उघडं असलं तरी माझा काय विश्वास बसणार! एकट्याने तिला बाहेर ओढायची ताकद नाही. फोनवर टायमर लावायचो. पाच मिनिटं झाली की बंद. वर तिला फडक्याने पुसून घरी जायचो. मित्राचं काम केलं म्हणून रविवार मस्त जायचा. तू आलास तेव्हा सांगितलंही, म्हैस ठणठणीत आहे. एवढंच सांगितलं.

हे सगळं मी सईला सांगितलं. गॅरेजमध्ये उभ्या उभ्या, काठी हातात धरून, तेल बुटावर ठिबकत होतं. सांगून झाल्यावर तिच्याकडे बघायची हिंमत झाली नाही.

"आय नो," ती म्हणाली.

"काय?"

"बाबाला माहीत होतं, काका. नळी कापली ना, तेव्हा मी इथेच होते. बाबा लाफ्ड सो हार्ड. म्हणाला, इन्स्पेक्टरने रविवारी रविवारी हिला गरम केली असणार, धुराला घाबरून बंद केली असणार." मग ती इंग्रजी सोडून हळूहळू, शब्द आठवून आठवून मराठीत बोलली. "म्हणाला, त्याला सांगायचं नाही. जगावर संशय घेतो ते ठीक आहे. स्वतःवर घ्यायला लागला तर मरेल तो."

मी खाली टूलबॉक्सवर बसलो. सत्तावीस वर्षं तू मला म्हणत आलास, माणसांवर विश्वास ठेव बे. आणि माझ्यावर विश्वास ठेवून तुझं मशीन सोपवलंस तर मी हे केलं. तरी तू हसलास. मला राग येतो तुझ्या हसण्याचा, मिलिंद. तू माझ्यावर ओरडायला हवं होतंस. मीही ओरडलो असतो, म्हटलं असतं वास येतोय सांगत होतो तेव्हा कुठे होतास. भांडण झालं असतं, तोंड पाडून बसलो असतो, मग तू फोन केला असतास. तो फोन तू माझ्याकडून हिरावून घेतलास.

वहिनींना मात्र मी सरळ विचारलं. त्या भाजी निवडत होत्या. म्हटलं, "वहिनी, त्या दिवशी मशीन माझ्यामुळे बंद पडलं. त्या चालण्याने तर नाही ना गेला तो?"

त्यांचा हात थांबला. मला वाटलं, आता त्या म्हणतील निघा इथून. "भाऊजी," त्या म्हणाल्या, "डॉक्टर म्हणाले, नसा वर्षानुवर्षं भरत आल्या होत्या. चालण्याने झालं की नाही, ते त्यांनाही सांगता येत नाही. मी दहादा विचारलं." मग पुन्हा मेथीची जुडी उचलली. "घरी आला तेव्हा इतका खूश होता. म्हणे, इन्स्पेक्टर दोन तास माझ्याबरोबर चालला, एकदाही मला सोडून पुढे गेला नाही. आणि संशयच घ्यायचा असेल ना, तर माझ्यावर घ्या. तीस वर्षं तूप मीच वाढलंय." असं म्हणून त्या रडायला लागल्या. मग मीही. त्या हॉलमध्ये जे जमलं नाही ते तिथे मेथीसमोर जमलं.

माझं समाधान झालेलं नाही, हे तुला माहीतच असेल. डॉक्टरांना सांगता येत नाही म्हणजे नाही असं नाही. हा संशय आता माझ्याजवळ राहणार. राहू दे. तो माझा आहे.

सईने आणि मी मिळून तेल बदललं. दोनदा. पहिलं काढलं, नवीन भरलं, म्हैस बाहेर ओढून चांगली तापवली, तेही काढून पाहिलं, मग तिसरं भरलं. सई म्हणाली ओव्हरकिल. म्हणू दे. काठीवर स्वच्छ मधासारखा रंग आला तेव्हाच मी हो म्हटलं, आणि एका अटीवर: मी मागे बसणार.

काल शनिवारी गेलो आम्ही. स्नो-पार्कला सईने इंजिन चालू केलं. पाच मिनिटं झाली, तिने हेल्मेट चढवलं. मी म्हटलं, उतर. हाताचा पंजा म्हशीच्या कुशीला लावून मी उभा राहिलो, ती सगळीकडून गरम होईस्तोवर. लोक आमच्याकडे बघत पुढे निघून जात होते. मग तेल मोजलं, नळी बोटांनी चाचपली, आणि निघालो. पोर छान चालवते रे. तुझ्यापेक्षा हळू.

ते वळण आलं. जिथून ती तपकिरी रेघ सुरू झाली होती ते. आता तिथे नवा बर्फ. मी सईच्या खांद्यावर थापटलं.

"सई, वास येतोय."

तिने त्याच क्षणी इंजिन बंद केलं. कशाचा, कुठून, काही विचारलं नाही. उतरली, हूड उघडलं, गुडघ्यावर बसून नळीवरून हात फिरवला, खाली वाकून पाइप पाहिला, बर्फ पाहिला. "नथिंग, काका. ऑल ड्राय."

"चिडलीस?"

"नाही. बाबाने सांगितलंय. काका म्हणाला वास येतोय, की आधी थांबायचं. मग हसायचं." आणि हसली. गडगडाटी.

हे तू तिला सांगितलंस. मला नाही सांगितलंस. मी मागे बसलो आणि हेल्मेटची काच खाली ओढली.

तिला मी सांगितलेलं नाही, तुला सांगतो. वास आलाच नव्हता, मिलिंद. ती थांबते की नाही, एवढंच मला बघायचं होतं.